बिनपडद्याचा कॉम्प्युटर आणि त्याची किल्ली

आमच्या युनियनची कचेरी पाटस येथे एका खोलीत आहे. एक टेबल, चार खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर पाळ्यांचा तक्ता, एवढेच तिचे वैभव. काही वर्षांपूर्वी ऐन पालखीच्या दिवसांत एका कंत्राटी कामगाराच्या थकलेल्या पगाराची तारीख पुण्याला लागली होती. आम्ही सकाळीच पुण्यास पोहोचलो आणि तेथे ध्यानात आले की, पगारपत्रकांच्या ज्या प्रती दाखवावयाच्या, त्या पाटसच्या कपाटातच राहिल्या आहेत. कपाटाची किल्ली ज्या कार्यकर्त्यापाशी, तो वारकऱ्यांना पाणी देण्यात गुंतलेला. तुकोबांची पालखी त्याच दिवशी वरवंडहून पाटसमार्गे रोटी घाटाकडे निघालेली, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरची वाहने वळवलेली. अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचे. पण त्या दिवशी ते काशीइतके लांब झाले. पुढची तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. ते दोन महिने त्या माणसाने किराणा दुकानाच्या उधारीवर काढले. चूक आमची होती, दुसऱ्या कोणाची नव्हे.

आजचा एखादा तरुण म्हणेल, "काका, फोनवर फोटो काढून ठेवायचे होते!" बरोबर आहे. पण शेकडो सभासदांची पगारपत्रके, बँकेचे खातेक्रमांक, आधारच्या प्रती एका माणसाच्या फोनमध्ये ठेवणे म्हणजे सगळी संघटना त्याच्या खिशात ठेवणे होय. फोन हरवला, माणूस दुरावला, की कागद गेले. दुसरा कोणी म्हणेल, इंटरनेटवरच्या एखाद्या कंपनीच्या कोठारात ठेवा. तेही पुष्कळ लोक करतात. पण ते कपाट दुसऱ्याचे. आम्हांला कपाट आमचेच हवे होते; फक्त त्यापर्यंत पोहोचणारा हात लांब हवा होता. हा लांब हात कसा बनतो, आणि तो बनवताना कोठे सावध राहावे, हे या लेखात सांगावयाचे आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. नववीत शाळा सुटली, पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर झाले. त्यामुळे जे सांगू ते हाताने करून पाहिलेले सांगू.

प्रथम त्या यंत्राविषयी. 'रास्पबेरी पाय' नावाचा एक लहान कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडात विक्रीस आला. मुलांना स्वस्तात कॉम्प्युटर शिकता यावा, असा त्यामागे हेतू होता. एटीएम कार्डाएवढी एक हिरवी पाटी, तिच्यावर सगळे काही. त्यास टी.व्ही.सारखा पडदा नाही, टाइप करावयाचा की-बोर्ड नाही, माऊस नाही. हवे असल्यास जोडावे, नसल्यास न जोडावे. स्वस्थ बसला असता तो तीन-चार वॉट वीज खातो. नऊ वॉटचा एल.ई.डी. दिवासुद्धा त्याच्यापेक्षा अधिक खातो. चार वॉट धरले, तर महिनाभर रात्रंदिवस चालून तीन युनिटांच्याही आत. पडदा नसलेल्या अशा यंत्रास कॉम्प्युटरवाले 'हेडलेस', म्हणजे शिर नसलेले, म्हणतात. आम्ही त्यास बिनपडद्याचा म्हणतो. आमचा कपाटातच, वरच्या फळीवर आहे. फळीमागे छिद्र पाडून वायर घेतली आहे.

आता कोणीही विचारील की, ज्याला पडदा नाही त्यात काय चालले आहे ते कळावयाचे कसे, आणि ज्याला की-बोर्ड नाही त्यास सांगावयाचे कसे?

याचे उत्तर आपल्या भागातील मंडळींना आधीपासूनच ठाऊक आहे. दौंड हे जंक्शन. येथल्या कितीतरी घरांत रेल्वेची नोकरी झालेली आहे. जुन्या पद्धतीची केबिन ज्यांनी पाहिली, त्यांनी आठवून पाहावे. केबिनमध्ये लोखंडी दांड्यांची रांग असे. केबिनमनने दांडी ओढली की जमिनीलगत धावणारी तार ताणली जाई, आणि दूर उभ्या असलेल्या खांबावरचा हात खाली येई. 'सिग्नल पडला' म्हणतात तो असा. केबिनमन खांबापाशी जात नसे. त्याचा हुकूम तारेतून जाई. पण एवढ्याने भागत नाही. वळणापलीकडचा सिग्नल खरोखर पडला की तार मध्येच अडकली, हे केबिनमधून दिसावयाचे कसे? त्यासाठी केबिनमध्येच एक लहानसे दर्शक यंत्र असे. बाहेर हात हलला की आत त्याची प्रतिकृती हले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे कुलूप. दोन गाड्या समोरासमोर येतील अशा दांड्या एकदम ओढताच येऊ नयेत, अशी त्यांची आपसांत जखडण असे. आणि केबिनमध्ये वाटेल त्यास प्रवेश नसे.

हुकूम नेणारी तार, परत दाखवणारे दर्शक, आणि कुलूप. दूरवरून कॉम्प्युटर चालवणे म्हणजे या तीन गोष्टी, चौथी नाही. मोठ्या प्रमाणावर हेच पाहावयाचे तर आपल्याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जावे. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन दिशांना. प्रत्येक डिशखाली माणूस बसवलेला नाही; एका नियंत्रण कक्षातून काचतंतूच्या केबलने हुकूम जातात आणि खबर परत येते. आमचे कपाट त्याच जातीचे, आकार तेवढा लहान.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले काम लहान यंत्रावर नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या साध्या कॉम्प्युटरवर करावयाचे असते. बिनपडद्याच्या यंत्रास हार्ड डिस्कऐवजी फोनमध्ये घालतात तसले मेमरी कार्ड लागते. 'रास्पबेरी पाय इमेजर' हा मोफत प्रोग्राम घेऊन त्या कार्डावर यंत्राची मूळ प्रणाली उतरवावयाची. येथे दोन गोष्टी चुकवू नयेत. एक, डेस्कटॉप असलेली प्रणाली निवडावी. 'लाइट' या नावाची जी आवृत्ती आहे तीत चित्र मुळातच नसते. दुसरी, कार्ड लिहिण्यापूर्वी इमेजर काही माहिती विचारतो ती नीट भरावी: यंत्राचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि पासवर्ड, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड, आणि 'एसएसएच सुरू करावे काय' या प्रश्नास होय. पडदा नसलेल्या यंत्रास पुढे काही विचारता येत नाही. म्हणून परगावी निघालेल्या मुलाच्या खिशात आपण पत्ता लिहिलेली चिठ्ठी घालतो, तशी ही चिठ्ठी कार्डावर आधीच घालून ठेवावयाची.

पूर्वी या यंत्रांवर सर्वांस ठाऊक असलेले एकच नाव आणि एकच पासवर्ड असे. एकाच किल्लीने उघडणारी कुलुपे गावभर वाटावीत, तसला तो प्रकार. एप्रिल २०२२ पासून ती पद्धत बंद झाली, हे फार बरे झाले.

कार्ड घालून वीज दिली की प्रथम काही मिनिटे थांबावे. मग त्याच वाय-फायवर असलेल्या आपल्या लॅपटॉपवरून त्यास हाक मारावयाची. यंत्राचे नाव आपण 'कपाट' ठेवले असेल, तर त्यापुढे टिंब आणि 'लोकल' हा शब्द लावला की बहुधा ओ येते. न आल्यास राऊटरच्या यादीत पाहावे, तेथे १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारा त्याचा पत्ता सापडतो.

हाक मारण्याचे साधन म्हणजे एसएसएच. ही आपली हुकूम नेणारी तार होय. हिचा इतिहास बोधप्रद आहे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून कान लावला आणि लोकांचे पासवर्ड टिपून घेतले. तोवर पासवर्ड तारेतून उघडे जात; पोस्टकार्डावरचा मजकूर जसा वाटेत कोणीही वाचावा, तसे. तेथील तातू यलोनेन या संशोधकाने मग हा मजकूर बंद पाकिटात घालणारी पद्धत काढली. तीच एसएसएच. पहिल्या भेटीस ती आपल्याला यंत्राचा अंगठा, म्हणजे आकड्या-अक्षरांची एक ओळख दाखवते आणि विश्वास ठेवावा का, असे विचारते. घाईने 'होय' करण्यापूर्वी ती ओळख वहीत उतरवून घ्यावी. पुढे कधी यंत्र तेच असून अंगठा बदललेला दिसला, तर आपण नवे कार्ड घातले आहे का, हे आठवावे. घातले नसेल, तर मध्ये कोणी बसला असावा असे समजून थांबावे.

तारेतून आत गेल्यावर 'सुडो रासपी-कॉन्फिग' हा हुकूम दिला की एक यादी उघडते. तीत 'इंटरफेस ऑप्शन्स'मध्ये जाऊन व्हीएनसी सुरू करावयाचे. हे आपले दर्शक. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी कंपनीच्या संशोधनशाळेत हे १९९०च्या दशकात तयार झाले. याची युक्ती साधी आहे. दूरचे यंत्र आपल्या पडद्याचे चित्र आपणांस पाठवते; मग जेवढा तुकडा बदलला तेवढाच पुन्हा पाठवते. आपण इकडे माऊस हलवला की ती हालचाल तिकडे जाते. यंत्र जागचे हलत नाही. त्याचे चित्र तेवढे फिरते. लॅपटॉपवर 'टायगर व्हीएनसी'सारखा पाहण्याचा प्रोग्राम घ्यावा, यंत्राचा पत्ता द्यावा, नाव आणि पासवर्ड सांगावा, की पाटसच्या कपाटातला डेस्कटॉप समोर उभा राहतो.

राहतो, असे म्हटले खरे. पण आमच्या बाबतीत प्रथम उभा राहिला नाही. नुसता काळा पडदा आला. दोन संध्याकाळी आम्ही आणि आमचा एक तरुण सहकारी डोके धरून बसलो. कारण समजले तेव्हा हसू आले. यंत्र सुरू होताना 'पडदा जोडलेला आहे काय' हे पाहते. नसला, तर 'पाहणारा कोणी नाही, मग चित्र काढू कशाला' असा हिशेब करून ते चित्रच काढीत नाही. रिकाम्या सभागृहात वक्ता बोलत नाही, तसे. उपाय दोन आहेत. त्याच यादीत 'डिस्प्ले ऑप्शन्स'मध्ये व्हीएनसीसाठी चित्राचा आकार ठरवून द्यावा, उदाहरणार्थ १२८० बाय ७२०. म्हणजे यंत्र कल्पनेतल्या पडद्यावर चित्र काढू लागते. नाहीतर बाजारात पडद्याचे सोंग घेणारी एक लहान गुडदी मिळते, ती टी.व्ही.च्या केबलच्या जागी खोचावी. शिवाय यंत्र सुरू होताच थेट डेस्कटॉपपर्यंत यावे, काळ्या अक्षरी पडद्यावर थांबू नये, हेही यादीत सांगून ठेवावे.

येथवर सगळे एका खोलीत झाले. आम्हांस तर पुण्याहून पाटसला पोहोचावयाचे होते. आणि धोका सुरू होतो तो येथूनच.

आमच्या हातून झालेली चूक सांगतो. कोणाच्या तरी अर्धवट सांगण्यावरून आम्ही राऊटरमध्ये बाहेरून आत येणारी थेट वाट मोकळी केली. म्हणजे रस्त्यावरचे दारच उघडे टाकले. आणि पासवर्ड काय, तर गावाचे नाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन! दुसऱ्या दिवशी यंत्राची नोंदवही उघडली, तो तीत ओळीच्या ओळी. कोठल्या कोठल्या देशांतील अनोळखी पत्त्यांवरून रात्रभर दार ठोठावले जात होते. 'ॲडमिन' म्हणून पाहिले, 'रूट' म्हणून पाहिले, 'पाय' म्हणून पाहिले. हे कोणी माणूस करीत नाही. यंत्रेच जगभरची दारे रात्रंदिवस चाचपीत असतात. आमच्या गरीब कचेरीत कोणाला काय रस, असे आम्हांस वाटत होते. चोराचे यंत्र गरीब-श्रीमंत पाहत नाही. फक्त कडी सरकते का, ते पाहते. त्या दिवशी वाट बंद केली. आत कोणी शिरले होते, असे आढळले नाही. पण त्या कपाटात शेकडो कामगारांचे खातेक्रमांक होते, हे आठवून आजही अंगावर काटा येतो.

मग योग्य रीत कोणती? बाहेरची दारे उघडावयाची नाहीत. आपल्या दोन यंत्रांमध्ये एक खाजगी बोगदा काढावयाचा. 'वायरगार्ड' ही अशी बोगद्याची पद्धत आहे. मार्च २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली. तिच्यावरच उभारलेली 'टेलस्केल'सारखी सेवा आपणहून दोन्ही टोके जुळवून देते. पुष्कळ घरगुती कनेक्शनांना बाहेरच्या जगात स्वतंत्र पत्ताच नसतो, तेथेही ती चालते. रास्पबेरी पायवाल्यांनी स्वतः मे २०२४ मध्ये 'कनेक्ट' नावाची सोय पुढे आणली. तीत साध्या ब्राउझरमधून यंत्राचा पडदा दिसतो. सोय मोठी, मात्र जुळवणी करणारा मध्यस्थ असतो आणि त्याच्याकडच्या खात्याचा पासवर्ड हीही एक किल्लीच, हे विसरू नये.

व्हीएनसीची मूळ पद्धत फार भाबडी होती. पासवर्डाची पहिली आठ अक्षरेच मोजली जात, आणि चित्र तर उघडेच जाई. नव्या आवृत्त्यांत चित्रही पाकिटात जाते. तरी व्हीएनसीचे दार सरळ रस्त्यावर उघडू नये, बोगद्यातूनच जावे.

एसएसएचला पासवर्डाऐवजी किल्ली लावता येते. किल्लीचे दोन भाग असतात: उघडा भाग यंत्रावर ठेवतात, तो कुलपासारखा, गुप्त भाग आपल्या लॅपटॉपवर राहतो, तो कधी कोणास द्यावयाचा नाही. किल्ली चालते याची खात्री झाल्यावरच पासवर्डाने येण्याची वाट बंद करावी. आणि ती बंद करताना आत आलेली एक तार तशीच चालू ठेवावी. नाहीतर बाहेरून कुलूप लावून किल्ली आत विसरल्यासारखी गत होते, आणि मग पालखीच्या गर्दीतून पाटसला जावे लागते.

दोन लहान गोष्टी कामगार-चळवळीच्या माणसाने विशेष ध्यानी ठेवाव्यात. पहिली, वीज. चालू यंत्राची वीज एकाएकी गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकते. म्हणून बंद करताना हुकूम देऊनच बंद करावे, लहानसा यू.पी.एस. जोडावा, आणि कागदांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवावी. दुसरी, घड्याळ. या लहान यंत्रांच्या २०२३ पूर्वीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. पुढच्या मॉडेलात घड्याळ आहे. पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली-आली आणि इंटरनेट अजून आलेले नसले, तर यंत्र जुनीच वेळ धरून बसते. एकदा त्या अवधीत आम्ही दोन अर्ज नोंदवले. त्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. कामगाराच्या कागदावरची तारीख म्हणजे त्याच्या पगाराचा पुरावा. तेव्हापासून नोंद करण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळ पाहावयाचे, असा आमच्याकडे नियम आहे.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला, ते सांगतो. तार आणि दर्शक ही तंत्राची गोष्ट आहे. कोणी शिकलेला मुलगा ती एका दुपारी जुळवून देईल. कुलूप ही मात्र संघटनेची गोष्ट आहे. आमच्याकडे आता ठराव आहे की, किल्ल्या दोघांपाशी, तिघांपाशी नाही आणि एकट्यापाशी तर मुळीच नाही. कोणाकडे आहेत ते वहीत लिहिलेले. पदाधिकारी बदलला की त्याची किल्ली त्याच दिवशी यंत्रावरून काढावयाची. माणूस वाईट म्हणून नव्हे, तर रीत म्हणून. कोण केव्हा आत आला याची नोंदवही दर महिन्याच्या सभेत वाचावयाची. हा नियम सरचिटणिसालाही लागू, म्हणजे आम्हांलाही.

कारण लांब हात दोन्ही बाजूंनी चालतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना इशारा दिला होता की, 'एनीडेस्क' नावाचे ॲप टाकावयास लावून भामटे लोकांची खाती रिकामी करीत आहेत. ते ॲप स्वतः वाईट नाही. दूरची यंत्रे दुरुस्त करणारे लोक ते रोज वापरतात. पण फोनवरचा गोड आवाज म्हणतो, "तुमच्या पडद्यावर नऊ आकडे आले असतील, ते सांगा." ते नऊ आकडे म्हणजेच किल्ली. सांगितले की आपले दर्शक आणि आपली दांडी त्याच्या हाती जाते. ज्याने केबिनची ही गोष्ट समजून घेतली, तो हे आकडे सख्ख्या भावाच्या नावाने आलेल्या फोनलाही देणार नाही. आणि कामाच्या जागी आपल्यापुढच्या कॉम्प्युटरचा पडदा कोणी दुरून पाहत असेल, तर त्यावर भांडण काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कोण पाहतो, केव्हा पाहतो, आणि पाहिले हे आम्हांस कळते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागणे हा कामगाराचा साधा व्यवहार आहे.

गेल्या आषाढात पुन्हा पालखीच्या दिवशीच एक तारीख पुण्याला लागली. या खेपेस बाकावर बसून लॅपटॉप उघडला, बोगद्यातून पाटसच्या कपाटात गेलो आणि एका सभासद भगिनीचे तीन महिन्यांचे पगारपत्रक समोर ठेवले. तारीख पुढे गेली नाही. बाहेर आल्यावर तिने विचारले, "दादा, माझे कागद आणखी कोण कोण उघडून पाहू शकते?" आम्ही वहीतली दोन नावे तिला सांगितली. हा प्रश्न विचारणारा सभासद ज्या संघटनेत आहे, तिच्या कपाटाला खरे कुलूप आहे असे आम्ही समजतो.